वणवा विझल्यावर रस्त्याच्या मोऱ्यांकडे पाहा

फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागला म्हणजे गावची माणसे हिरव्या फांद्या घेऊन धावतात, काजूच्या बागा वाचवितात, गोठ्याभोवतीचे वाळके गवत कापून काढतात. वणवा विझला की सर्वजण सुटकेचा निःश्वास सोडतात आणि डोंगर विसरला जातो. खरे पाहता वणव्याचे अर्धेच नुकसान तोवर झालेले असते. उरलेले अर्धे पहिल्या मोठ्या पावसाबरोबर खाली येते. ते अडते कोठे, तर डोंगराच्या पायथ्याने जाणाऱ्या रस्त्याखालच्या मोरीत. ह्या मोरीविषयीच आम्हाला आज लिहावयाचे आहे.

मोरी म्हटल्यावर पुष्कळांना घरातील भांडी घासण्याची जागा आठवते. तीही तुंबली की घरात कलह होतो. पण येथे आम्ही रस्त्याच्या मोरीविषयी बोलत आहो. ओहोळाचे पाणी रस्त्याच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगास जावे म्हणून सिमेंटच्या नळ्या घालतात, किंवा दोन भिंती बांधून वर फरशी टाकतात, तीच ही मोरी. पूल सर्वांना दिसतो, मोरी कोणालाच दिसत नाही. चोर्ला घाटाने किंवा अनमोड घाटाने प्रवास करणाऱ्याला आपण अशा किती मोऱ्यांवरून गेलो हे सांगता यायचे नाही. मोरी तुंबून रस्ता वाहून गेला, बाळंतिणीला किंवा रोग्याला दवाखान्यात नेता येईना, दुधाची गाडी वर चढेना, म्हणजे मग तेथे एक मोरी होती हे आठवते.

प्रथम वणव्याने जमिनीचे काय होते ते समजून घेतले पाहिजे, कारण त्यावरच पुढील सर्व उपाय अवलंबून आहेत. रानातील पालापाचोळा म्हणजे जमिनीची घोंगडी होय. पावसाचा थेंब पानावर पडतो, फुटतो, सावकाश खाली उतरतो आणि भुसभुशीत मातीत मुरतो. वणव्याने ही घोंगडी जळून जाते. मग थेंब सरळ उघड्या मातीवर आपटतो, माती उडवितो आणि बारीक राख मातीच्या छिद्रांत बसून ती छिद्रे बंद होतात. आग फार तीव्र असेल तर आणखी एक गोष्ट घडते. पानांतील मेणासारखे पदार्थ वाफ होऊन जमिनीत शिरतात व वरच्या थरात थोड्या खोलीवर गोठतात. अशा मातीवर पाणी टाकले तर कमळाच्या पानावरच्यासारखे थेंब उभे राहतात, मुरत नाहीत. पेल्यातले पाणी जळक्या जमिनीवर ओतून हे कोणासही पाहता येईल. मात्र वरची राख बोटाने बाजूला सारून आतल्या मातीवर ओतावे.

आपल्याकडील वणवे बहुधा गवत व पाचोळ्याचे, जमिनीलगत धावणारे असतात. मोठी झाडे बुंध्याशी होरपळतात, पण पुष्कळशी जगतात. त्यामुळे अमेरिकेतील पाइनच्या रानांत जसे डोंगरच्या डोंगर कोळसा होतात तसे येथे सहसा होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपला पाऊस पाहा. खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या बाजूस वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी होते. पन्नास एकरांचा जळका उतार असेल तर एक इंचाचे पन्नास लाख लिटर झाले. पाचोळा असताना ह्यातील पुष्कळसे पाणी तेथेच थांबत होते. आता ते थांबत नाही, आणि येताना एकटेही येत नाही. राख, माती, गोटे, अर्धवट जळालेल्या फांद्या असे सारे सोबत आणते. मोरी बांधताना जे पाणी धरले होते ते हिरव्या डोंगराचे होते. डोंगर काळा झाला तरी नळी तेवढीच राहते.

२०२३ च्या मार्च महिन्यात गोव्यातील म्हादई अभयारण्यात व आसपासच्या डोंगरांवर अनेक ठिकाणी आगी लागल्या, तेव्हा नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतण्यासाठी आणावी लागली. त्या दिवसांत वर्तमानपत्रे हेलिकॉप्टरांच्या छायाचित्रांनी भरली होती. मोऱ्यांचे छायाचित्र कोण छापणार!

ह्या बाबतीत कॅलिफोर्नियातील मॉन्टेसिटो ह्या गावाची हकीकत प्रत्येक डोंगरी गावाने ऐकण्यासारखी आहे. ४ डिसेंबर २०१७ रोजी तेथे जवळच्या डोंगरांत 'थॉमस' ह्या नावाने ओळखली गेलेली आग सुरू झाली आणि तिने दोन लाख ऐंशी हजार एकरांहून अधिक प्रदेश जाळला. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे त्या डोंगरांवर पाऊस आला. एका ठिकाणी तर पाच मिनिटांत सुमारे अर्धा इंच. आपल्या पावसाळ्यात अर्धा इंच कोणी मोजणारही नाही. पण तो पाच मिनिटांत आणि जळक्या उतारावर पडला. चिखल व मोटारीएवढाले धोंडे ओढ्यांतून खाली आले. जेथे रस्ता ओढ्यावरून जात होता तेथे अरुंद मोऱ्या व पूल ह्या मालाने बुजले, आणि मागून येणारा लोंढा ओढ्याची वाट सोडून वस्तीत शिरला. २३ माणसे दगावली, चारशेहून अधिक घरांचे नुकसान झाले, आणि किनाऱ्याचा हमरस्ता सुमारे बारा दिवस बंद राहिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आग पुरती आटोक्यात आल्याचे १२ जानेवारीला जाहीर झाले. म्हणजे आगीचे काम संपण्याआधीच पुराचे काम झाले होते.

दुसरे उदाहरण कोलोरॅडोचे. तेथे २०१२ च्या जूनमध्ये वॉल्डो कॅनियन भागात अठरा हजार एकर रान जळाले. त्याच्या पायथ्याच्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावावर काळ्या चिखलाचा मोठा लोंढा आला तो ९ ऑगस्ट २०१३ रोजी, म्हणजे आगीला वर्ष उलटून गेल्यावर. 'एक पावसाळा निभावला, आता भीती नाही' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जवळच्या हमरस्त्याखालील जुनी नळी काढून तेथे पुढे पेटीच्या आकाराची रुंद मोरी बांधण्यात आली.

अमेरिकेच्या वनखात्यात आगीनंतरच्या ह्या कामासाठी खास पथके असतात. त्यांत मातीचे जाणकार, पाण्याचे जाणकार, रस्त्याचे इंजिनिअर असे सर्व असतात, आणि आग आटोक्यात आल्यापासून सात दिवसांच्या आत कोणते काम तातडीने करावयाचे व त्यास किती पैसा लागेल हे त्यांना वर कळवावे लागते. त्यांना घाई असते, कारण पाऊस कधी येईल ह्याचा नेम नाही. आपल्याला मात्र देवाच्या दयेने पंचांगच मिळाले आहे. वणवा शिमग्याच्या आगेमागे लागतो, मृग ७ जूनच्या सुमारास लागते. मध्ये दोन-अडीच महिने मोकळे आहेत. एखादा वळवाचा पाऊस मध्येच येतो, तो आगाऊ सूचना म्हणून समजावा.

आता काम काय करावयाचे ते पाहू.

पहिले काम पाहणीचे. चार-पाच जणांनी डोंगराखालच्या रस्त्याने चालत जावे आणि प्रत्येक मोरीच्या वरच्या अंगास उतरून आत डोकावावे. दुसऱ्या टोकाचा उजेड किती दिसतो? नळीत तिच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत गाळ साचला असेल तर पाण्याची सुमारे तीन दशांश वाट आधीच बंद झाली. तो गाळ मे महिन्यात, सुका असताना काढणे सोपे असते. नळीत माणसाला आत सरपटत पाठवू नये. साप असतात, हवा कोंडलेली असते, वरची माती ढासळू शकते. लांब दांड्याचे फावडे, दोरीला बांधलेले घमेले आणि दोन्ही टोकांना माणसे, एवढ्याने काम होते. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. पहिल्या सरीत तो पुन्हा आत जातो व केलेली मजुरी फुकट जाते. गाळ दूर शेतात न्यावा. राखमिश्रित माती पिकाला वाईट नाही.

दुसरे काम ओहोळाचे. मोरीच्या वर शंभर-दोनशे पावलांपर्यंत ओहोळात जे सुटे लाकूड पडलेले असेल, म्हणजे जळके ओंडके, फांद्या, कापलेली काटेरी झुडपे, ते उचलून बाहेर काढावे. जे लाकूड मातीत घट्ट रुतून बसले आहे व ज्याच्यामागे गाळ धरला आहे, त्यास हात लावू नये. ते तेथे बांधाचेच काम करीत असते. राखीव जंगलाची हद्द असेल तर वनरक्षकाला आधी सांगावे. अशा कामाला सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण न विचारता ओंडका उचलला तर तोच ओंडका गुन्हा ठरतो.

डोंगरउतारावर मात्र ह्याच्या नेमके उलटे करावे. वणव्यात होरपळलेली झाडे पुढील काही आठवड्यांत वाळकी पाने गाळतात. ही पाने म्हणजे निसर्गाने जळक्या जमिनीवर पुन्हा घातलेली घोंगडीच होय. आपल्याकडे राबासाठी व खतासाठी पातेरा झाडून आणण्याची रीत आहे. ती रीत वाईट नाही, परंतु ज्या उतारावर वणवा गेला आहे तेथून त्या वर्षी एक पाटीभर पातेराही आणू नये. अमेरिकेत ह्याच कामासाठी विमानाने गवताचा पेंढा टाकतात, आणि आपण असलेले पांघरूण काढून आणतो! जळक्या चढावर त्या वर्षी गुरेही चारू नयेत, कारण खुरांनी मोकळी झालेली माती सरळ ओहोळात येते.

ओहोळाच्या बारीक फाट्यांत वरपासून खालपर्यंत अनगड दगडांचे लहान बांध घालावेत. पाणलोटाच्या कामावर गेलेल्या मंडळींना ते ठाऊक आहेत. बांध कमरेहून उंच नको. मध्यभागी थोडा खोलगट ठेवावा, म्हणजे पाणी मधूनच वाहील. दोन्ही टोके काठात नीट घुसवावीत, नाही तर पाणी टोकाला वळसा घालून काठच फोडते. मोठ्या ओहोळाच्या पात्रात असे कच्चे बांध घालण्याचा मोह टाळावा. लोंढ्यात तो फुटला तर त्याचेच दगड मोरीत जाऊन बसतील.

मोरीच्या तोंडाशी थोड्या अंतरावर वरच्या बाजूस एक खड्डा खणून ठेवला तर गोटे व वाळू त्यात बसते. पण हा खड्डा पावसाळ्यात दोन-तीनदा उपसावा लागतो. उपसणार नसाल तर खणू नका.

आता जाळीविषयी. पुष्कळांना वाटते की नळीच्या तोंडावर कुंपणाची जाळी ठोकली म्हणजे काम झाले. ह्यासारखा घातक उपाय नाही. बारीक जाळीवर पहिल्या सरीत पाने चिकटतात आणि जी नळी कदाचित वाहिली असती तीही अर्ध्या तासात बंद होते. कचरा अडवावयाचा तर तोंडावर नव्हे, तोंडापासून काही अंतरावर वरच्या बाजूस अडवावा. तेथे जाड लोखंडी किंवा मजबूत लाकडी खांबांची रांग, पाण्याच्या दिशेने मागे झुकलेली, रोवावी. दोन खांबांतील अंतर नळीच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असावे. हिशेब असा की, जो ओंडका नळीत अडकेल तो बाहेर थांबावा, आणि जी काटकी नळीतून निघून जाईल ती जाऊ द्यावी. रांग नळीच्या तोंडापेक्षा पुष्कळ रुंद असावी, म्हणजे एक भाग तुंबला तरी दुसऱ्या भागातून पाणी जाते. रस्ता सरकारी आहे, म्हणून हे काम बांधकाम खात्याच्या माणसाला दाखवूनच करावे. खांब कोठे पक्के बसतील हे तो आपल्याहून चांगले सांगेल.

नवी मोरी मागताना एक हिशेब ग्रामसभेत मांडण्यासारखा आहे. दोन फुटी दोन नळ्या म्हणजे चार फुटी एक नळी नव्हे. चार फुटी एका नळीत दोन फुटी चार नळ्यांइतकी वाट असते. शिवाय ओंडका मोठ्या नळीतून निघून जातो, लहान नळ्यांमधल्या भिंतीवर मात्र आडवा बसतो. जळक्या डोंगराखाली लहान नळ्यांची जोडी कधीही स्वीकारू नये. गोटे फार येत असतील तर मोरीच काढून तेथे फरशीचा उतार करून घ्यावा. पावसात चार-सहा तास रस्ता बंद राहील, पण रस्ता राहील.

एवढे सर्व करूनही मोरी तुंबू शकते. म्हणून आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे : मोरी तुंबली तर पाणी जाईल कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर मे महिन्यात रस्त्यावर उभे राहून शोधावे. रस्ता मोरीवर थोडा खोलगट असेल तर पाणी तेथेच रस्ता ओलांडून पलीकडे आपल्या ओहोळात पडेल. खालच्या बाजूस मोठ्या दगडांचे अस्तर असले तर रस्त्याचे फारसे बिघडत नाही, वर आलेला गाळ ओढून टाकला की वाहतूक सुरू. परंतु रस्ता एका बाजूस उतरता असेल तर तुंबलेले पाणी रस्त्याचीच वाट धरते. गटारातून, चाकोरीतून फर्लांग-दोन फर्लांग धावते, आणि जेथे ओहोळ कधीच नव्हता अशा ठिकाणी खाली उडी घेते. तेथे कोणाचे तरी भाताचे वाफे असतात, कुळागर असते, घर असते. एका मोरीचे पाणी दुसऱ्या मोरीवर गेले की तीही तुंबते. अशा उतरत्या रस्त्यावर मोरीच्या जरा पुढे रस्त्याला आडवा, गाडी जाऊ शकेल असा पसरट खोलगट भाग करून घेतला, तर पाणी तेथून परत आपल्या ओहोळाकडे वळते. जेसीबीवाल्याचे हे काही तासांचे काम आहे. मोठ्या मोरीसाठी अर्ज करून वाट पाहावी लागते, हे मात्र ह्याच मे महिन्यात होऊ शकते.

पाऊस सुरू झाल्यावर दर मोठ्या सरीनंतर कोणीतरी मोऱ्या पाहून यावे, आणि ती पाळी आधीच ठरवावी. पण एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. मोरी तुंबून पाणी चढत असताना वरच्या अंगास उतरून काठीने किंवा हाताने बोळा काढावयास जाऊ नये. बोळा सुटला की सारे पाणी एकदम नळीत ओढले जाते व माणूस त्याबरोबर जातो. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही तेथे काही चालत नाही. रस्त्यावर दोन्ही बाजूंना दूर फांद्या आडव्या टाकून गाड्या थांबवाव्यात, खालच्या घरांना हाक द्यावी, आणि पाणी ओसरण्याची वाट पाहावी. रस्त्यावरून वाहणारे गुडघ्याखालचे पाणीही फसवे असते. जोराचे अर्धा फूट पाणी माणसाचा पाय उचलते, दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे हे वरून कळत नाही. मुलांना शाळेतून आणणाऱ्या रिक्षावाल्यांना हे घरोघरच्या आईबापांनीच बजावले पाहिजे.

आरोग्याच्या दृष्टीने दोन शब्द. अर्धवट तुंबलेल्या मोरीच्या वरच्या अंगास पाऊस उघडल्यावर डबके राहते. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा ते डबके वाहते केले पाहिजे. मलेरियाच्या फवारणीपेक्षा हे स्वस्त पडते. ज्या विहिरीत किंवा झऱ्यात काळे पाणी शिरले असेल तेथील पाणी निवळू द्यावे, गाळावे व मगच उकळावे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावयाची ती आरोग्य सेवकाला विचारून टाकावी. गढूळ पाण्यात औषधाचा जोर गाळावरच खर्च होतो आणि जंतू तसेच राहतात.

वणव्यात मेलेल्या झाडांची मुळे लगेच कुजत नाहीत. दोन-तीन वर्षांनी ती कुजू लागतात, मातीवरची त्यांची पकड सुटते आणि तीव्र उतारावर दरडी निसटतात. डोंगर पुन्हा हिरवा दिसू लागलेला असतो, तेव्हाच हे घडते. म्हणून जळक्या डोंगराखालच्या मोऱ्यांची पाहणी निदान चार-पाच पावसाळे चालू ठेवावी. ह्यासाठी एक सोपी युक्ती आहे. मोरीच्या वरच्या तोंडाशी भिंतीवर तळापासून अर्ध्या-अर्ध्या फुटावर रंगाच्या रेषा ओढून ठेवाव्यात. मग शाळेला जाणारा मुलगाही रस्त्यावरून वाकून सांगू शकेल की गाळ कालपर्यंत दुसऱ्या रेषेपाशी होता, आज तिसरी रेषा दिसेनाशी झाली आहे.